उघडी पाठ आणि खोगीर

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण मराठी माणसे मोठ्या तुच्छतेने उच्चारतो. निकामी माणसे, निरर्थक मजकूर, पाने वाढविण्यासाठी घातलेली वाक्ये ह्या सर्वांची संभावना त्या एका शब्दाने होते. खोगिराच्या गादीत भरावयास टाकाऊ वस्तूही चालत, म्हणून शब्दाला हा अर्थ आला. पण ती भरती कोठे दाटली आणि कोठे विरली, ह्यावरच घोड्याची पाठ आणि स्वाराची मजल अवलंबून असे. ह्या उपेक्षित भरतीची बाजू आज थोडी मांडावी, असा आमचा विचार आहे.

उघड्या पाठीवर मांड ठोकून दौडणारा स्वार चित्रकारांना नेहमीच प्रिय वाटत आला आहे. हॅनिबलच्या सैन्यातील नुमिडियाचे स्वार जीन व लगाम ह्यांवाचून लढत, आणि इ. स. पू. २०२ मध्ये झामाच्या रणांगणावर रोमच्या बाजूने लढून त्याच जातीच्या स्वारांनी हॅनिबलच्या पराभवाला हातभार लावला. इ. स. पू. ४०१ च्या दहा हजार ग्रीकांच्या मोहिमेत सहभागी झालेल्या झेनोफनने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. कण्याच्या दोन्ही बाजूंस मांस भरलेली ‘दुहेरी’ पाठ बसावयास मऊ असते, असे तो सांगतो. इराणी लोक आपल्या बिछान्यावर घालीत नाहीत इतकी पांघरुणे घोड्यावर घालतात, असा टोमणाही त्याने अन्यत्र मारला आहे. दोन्ही ठिकाणी विचार स्वाराच्या सुखाचा आहे. घोड्याला काय वाटत असेल, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

वस्तुतः प्रश्न घोड्याचाच आहे. बसलेल्या माणसाचा भार नितंबांखालच्या दोन हाडांतून खाली उतरतो. घोड्याच्या कण्यात छातीच्या भागात साधारणतः अठरा मणके असतात. त्यांचे काटे पाठीच्या मध्यरेषेवर ओळीने उभे असतात आणि दोन्ही बाजूंस लांब स्नायूंचे पट्टे असतात. उघड्या पाठीवर स्वाराची ती दोन हाडे कण्यालगत, अगदी थोड्या जागेत रुततात. रिकीब नसल्यामुळे भार पायांवर घेऊन पाठ क्षणभर मोकळी करण्याचीही सोय नसते. घटकाभराच्या रपेटीत सुदृढ घोड्याला ह्याचे विशेष काही वाटत नाही. पण मजल लांबली म्हणजे दाबाखालच्या स्नायूंतील रक्तप्रवाह मंदावतो, थकलेला स्वार ढिला बसू लागतो, थकलेला घोडा पाठ खाली टाकतो, आणि एकाचा शीण दुसऱ्याचा शीण वाढवितो. घामाने भिजलेली कातडी घासून सोलवटते ती वेगळीच.

कातडीची जखम घोड्याबरोबर मातीत जाते. हाडांची मात्र राहते. अल्ताई पर्वतातील पाझिरिकच्या थडग्यांत, १९२९ साली आणि पुढे १९४७ ते १९४९ ह्या काळात, बर्फाने जपलेले घोडे व त्यांची जिने सापडली. गवत व केस भरलेल्या दोन गाद्या कण्याच्या दोन्ही बाजूंस येतील अशी त्यांची रचना होती. एका अर्थाने ती खोगिरेच. त्याच संस्कृतीतील अक-अलाखा येथील घोड्यांचे मणके मार्शा लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २००५ साली निष्कर्ष मांडले. मणक्यांच्या कडांना हाडाची वाढ, आडव्या चिरा, एकमेकांना टेकलेले काटे अशी लक्षणे त्यांत दिसली. पुढच्या तुर्की काळातील, लाकडी सांगाड्याच्या जिनाखाली वावरलेल्या घोड्यांत हे नुकसान कमी आढळले. चीनच्या वायव्येकडील शिरेन्झिगौ येथील, इ. स. पू. ३५० च्या सुमाराच्या घोड्यांच्या कण्यांवरही स्वारीच्या खुणा असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. वार्धक्यानेही मणके झिजतात, म्हणून असा निर्णय एका खुणेवरून न देता अनेक खुणा एकत्र पाहून दिला जातो.

ह्या दुखण्यावरचा उतारा म्हणजे तो लाकडी सांगाडा. मंगोलियातील एका गुहेत सापडलेले भूर्जाच्या लाकडाचे जीन इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराचे आहे, असे २०२३ साली जाहीर झाले. सांगाड्याच्या दोन फळ्या स्नायूंवर टेकतात आणि मध्ये कण्यावर मोकळी वाट राहते. भार तितकाच राहतो, पण तो पसरतो. २०१३ साली अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीवर दाबमापक चादर घालून हीच गोष्ट मोजली. जिनाचे वजन नसल्यामुळे उघड्या पाठीवर एकूण भार कमी भरला, परंतु तो लहान जागेवर पडल्याने कमाल दाब अधिक आढळला, आणि तो नेमका बैठकीच्या हाडांखाली एकवटला होता. हलके ओझे नेहमीच सुसह्य असते, ह्या समजुतीला हा मोठाच धक्का आहे. अर्थात न बसणारे वेडेवाकडे जीनही पाठ फोडतेच. सांगाडा असला म्हणजे झाले, असे नव्हे.

१७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, ह्याचा आपण अभिमान बाळगतो. त्या मजला ज्यांच्या पाठीवरून झाल्या, त्यांची आठवण बखरकारांना क्वचितच होते. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा असे. पाठ फुटली तर घोडा गेला, आणि घोड्याबरोबर पोटही गेले, हे त्याला पक्के ठाऊक असे. बारगिराचा घोडा मात्र सरकारचा किंवा धन्याचा. परप्रांती सरकारी चाकरीत असलेले आपण सारे बारगीरच आहोत. जनावर आपले नसले, तरी तळावर उतरल्यावर खोगीर काढून त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरविणे, हे मोतद्दारावर सोपवून मोकळे होण्याचे काम नव्हे.