मेंदूचा पेट स्कॅन : सुई किती, त्रास किती, गरज कधी?

विसरभोळेपणा वाढत चालला असेल किंवा औषधे घेऊनही फिट थांबत नसतील, तर न्यूरॉलॉजिस्ट कधी कधी मेंदूचा पेट स्कॅन सांगतात. नाव ऐकून काहींना ही पोटाची तपासणी वाटते, तर काहींना मणक्यातून पाणी काढतील अशी भीती वाटते. यातले काहीही होत नाही.

हा स्कॅन काय दाखवतो?

मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज. मेंदूचा एखादा भाग आजारी पडला की तिथला ग्लुकोजचा वापर घटतो. नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, तर पेट स्कॅन त्याचे काम दाखवतो.

पूर्वी हे कसे मोजत?

१९४० च्या दशकात अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी यासाठी पद्धत शोधली. त्यात धमनीतून आणि मानेतल्या शिरेतून पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागे, तरी संपूर्ण मेंदूची फक्त सरासरी मिळे. १९७६ मध्ये एफडीजी हे किरणोत्सारी ग्लुकोज माणसात प्रथम वापरले गेले. भारतात २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये पेट स्कॅन सुरू झाला.

आता काय करतात?

हाताच्या शिरेत सलाईनची असते तशी एक सुई लावतात, इतकेच. ग्लुकोजच्या वापराचा नेमका आकडा हवा असेल तर धमनीतून रक्त घ्यावे लागते, पण ते मुख्यतः संशोधनासाठी. त्यालाही पर्याय आहे : मोठ्या रक्तवाहिनीतले औषध स्कॅनच्या चित्रावरूनच मोजता येते. रोजच्या उपचारात मेंदूच्या दोन्ही बाजूंची आणि निरोगी मेंदूशी केलेली तुलना बहुधा पुरते.

सुई आणि किरणोत्सार दोन्ही टाळणाऱ्या एमआरआय पद्धतीही आहेत. एकीत रक्तप्रवाह मोजतात. दुसरीत मेंदूतून परतणाऱ्या रक्तात किती ऑक्सिजन उरला ते पाहून वापर काढतात. ही दुसरी पद्धत अजून मुख्यतः संशोधनात आहे.

मनमाडहून जाताना

- वेळ पाळा. एफडीजीची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते, म्हणजे पावणेचार तासांत पाव भागच उरतो. सकाळची वेळ असेल तर नाशिकला आदल्या दिवशी पोहोचलेले बरे.
- सहसा ४ ते ६ तास उपाशी राहावे लागते. गाडीत चहा-बिस्कीटही नको. साधे पाणी चालते.
- मधुमेह असल्यास गोळ्या-इन्सुलिनबद्दल आधीच विचारा, स्वतःहून बंद करू नका. साखर जास्त असेल तर चित्र नीट येत नाही. घाम, थरथर, चक्कर आल्यास साखर घ्या आणि केंद्राला कळवा. स्कॅन पुढे ढकलता येतो.
- इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास मंद उजेडात शांत बसवतात. मोबाइल आणि गप्पा बंद.
- शेवटची फिट कधी आली ते लिहून न्या. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा.

यातला किरणोत्सार साधारण दीड-दोन वर्षांत निसर्गातून मिळतो तेवढा असतो.

प्रत्येकाला गरज आहे का?

नाही. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य आणि काही औषधे यांमुळेही विसरभोळेपणा येतो. ही कारणे साध्या तपासण्यांतून आणि नीट विचारपूस केल्यावर कळतात व बरीचशी सुधारतात. म्हणून आधी ती पाहावीत. अल्झायमर आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा डिमेन्शिया यांत फरक करायचा असेल किंवा फिटच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल, तेव्हा पेट स्कॅन खरा उपयोगी. रिपोर्ट एकटा वाचून निष्कर्ष काढू नका. लक्षणे, तपासणी आणि एमआरआय यांच्या जोडीनेच तो वाचायचा असतो.

आणि हे लक्षात ठेवा

अचानक तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा पेट स्कॅनचा विचार नको. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब जा. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते.