बेवडाचे गुपित

हरभरा, मूग किंवा तूर निघालेल्या रानात पुढची ज्वारी जोमाने येते. या गुणाला महाराष्ट्रातला शेतकरी ‘बेवड’ म्हणतो, आणि ज्वारीच्या काही ओळींमागे तुरीची एक ओळ पेरण्याची चालही जुनीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक कोलुमेला यानेही जमिनीला खत म्हणून लुपिन हे शेंगवर्गीय पीक गाडायला सांगितले होते. अनुभव पक्का होता, कारण मात्र माहीत नव्हते. या पिकांच्या मुळांवरच्या गाठी लोक पाहत आले होते. १६७९ मध्ये इटलीच्या मालपिगीने त्यांचा समावेश झाडांवर येणाऱ्या रोगट गाठींत केला.

फ्रान्समधल्या बुसँगोने १८३० च्या दशकात कुंड्यांमध्ये पिके वाढवून मोजमाप केले. क्लोव्हर आणि वाटाण्यात नत्र वाढले, गव्हात वाढले नाही. पुढे इंग्लंडच्या रोथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये हे नत्र हवेतून येते का, हा प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. माती तापवून निर्जंतुक केली, झाडे काचेखाली बंद ठेवली. शेंगवर्गीय पिकांना हवेतले नत्र मिळत नाही, असा निकाल निघाला. प्रयोगात खोट काढण्यासारखे काही नव्हते. तो फारच स्वच्छ होता इतकेच. मातीबरोबर नत्र मिळवून देणारे तिच्यातले जिवाणूही भाजून निघाले होते. पुढची जवळजवळ तीस वर्षे हा निकाल प्रमाण मानला गेला.

कोडे सुटले जर्मनीतल्या बर्नबुर्ग येथे. हेलरीगेल आणि विलफार्ट यांच्या नत्र नसलेल्या वाळूत ओट एकसारखे खुरटत होते. वाटाण्याची तऱ्हा वेगळी: एका कुंडीत तो मरतुकडा, शेजारच्या कुंडीत हिरवागार. तापवलेल्या वाळूत साध्या मातीचे थोडे पाणी घातले की मरतुकडे रोपही सावरे आणि त्याच्या मुळांवर गाठी येत. १८८६ मध्ये त्यांनी बर्लिनच्या परिषदेत हे जाहीर केले. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंकने गाठींतले जिवाणू वेगळे वाढवून दाखवले. १८८९ मध्ये फ्रांकने त्यांना रायझोबियम हे नाव दिले.

व्यवहार सरळ आहे. झाड साखर पुरवते, जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करून देतो. या कामाला लागणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे तांबडे द्रव्य ऑक्सिजनला आवरून धरते. उपटलेल्या रोपाची गाठ नखाने फोडावी: आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, हिरवट किंवा करडी असेल तर ते थांबले आहे. सगळा बेवड मात्र या गाठींच्या खात्यावर मांडता येत नाही. बरेचसे नत्र दाण्यांबरोबर घरी जाते, आणि तुरीच्या झडलेल्या पाल्याचाही त्यात वाटा असतो.

१८९६ मध्ये जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी ‘नायट्रॅजिन’ हे जिवाणूंचे संवर्धन विक्रीसाठी आणले. सगळ्या पिकांना एकच जिवाणू चालत नाही. हरभऱ्याचा सोयाबीनला चालत नाही. म्हणून महाराष्ट्रात सोयाबीन नव्याने आले, तेव्हा त्याचे संवर्धन पाकिटातून शेतात न्यावे लागले. आजही पेरणीआधी ते गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात आणि बी सावलीत सुकवतात. उन्हात ठेवले तर जिवाणू मरतात.