अस्थायी अध्यापक, विद्यापीठीय

विद्यापीठात किंवा संलग्न महाविद्यालयात कायम नेमणुकीविना ठराविक मुदतीसाठी अध्यापन करणारा वर्ग. कंत्राटी, अंशकालिक, अभ्यागत व तासिका तत्त्वावरील असे त्याचे प्रकार असून महाराष्ट्रात शेवटचा प्रकार विशेष रूढ आहे. त्यात मासिक वेतनाऐवजी घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. सुटी व पाठाची पूर्वतयारी यांचा मोबदला सामान्यतः मिळत नाही.

अल्प वेतनावरील अध्यापन महाराष्ट्राला नवे नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या (१८८४) आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा घेतली होती. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांपैकी एक होत. मात्र हा त्याग स्वेच्छेचा होता व त्यासोबत सेवेची शाश्वती आणि संस्थेच्या कारभारात अधिकारही होता. तासिका तत्त्वावरील अध्यापकास यांपैकी काहीच लाभत नाही. पदभरती वेळोवेळी रखडल्याने निवृत्तांच्या जागा रिक्त राहिल्या आणि त्यांचे काम या वर्गाकडे आले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात व त्यांचे वेतन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी नसावे. अभ्यागत अध्यापकांसाठी आयोगाने २०१९ मध्ये प्रतिव्याख्यान १,५०० रुपये व दरमहा कमाल ५०,००० रुपये ही मर्यादा ठरविली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये तासिकेचा दर वाढविला गेला, तो बिगर-व्यावसायिक पदवी वर्गांसाठी ९०० रुपये होता.

कायद्याचे संरक्षणही अपुरे ठरले. गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, शिक्षक हा १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील ‘कामगार’ नव्हे, असा निर्णय दिला. उमादेवी खटल्यात (२००६) केवळ दीर्घ अस्थायी सेवेमुळे कायमपणाचा हक्क प्राप्त होत नाही, असे ठरले. याउलट जगजित सिंग खटल्यात (२०१६) समान कामास समान वेतन हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आले. तथापि या तत्त्वाचा लाभ घेण्यासाठी काम समान असल्याचे सिद्ध करावे लागते. तासिका तत्त्वावर काम मुळातच तासांत विभागलेले असल्याने ते सिद्ध करणे कठीण जाते. पात्रता व अभ्यासक्रम तेच असूनही दर्जातील अंतर टिकून राहते, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.