चाळीचे पटांगण आणि तीन मिनिटांची तबकडी

गाणाऱ्या कोणत्याही संचाला उमेदीच्या काळात तीन प्रश्नांना सामोरे जावे लागते. गाणे ध्वनिमुद्रित करावे काय, दौरे करावेत काय, आणि समोरच्या श्रोत्यांशी आपले नाते कोणते? बीटल्सनी ऑगस्ट १९६६नंतर दौरे थांबवले आणि स्टुडिओ हेच आपले कार्यस्थळ मानले. ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडने उलट तबकडीपेक्षा मैफलीला मोठे मानले आणि श्रोत्यांना ती ध्वनिमुद्रित करण्याची मोकळीकही दिली. या निवडींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत हेच प्रश्न त्याआधी तीन दशके आंबेडकरी जलशांपुढे होते, याकडे मात्र आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी घेऊन १९३०च्या दशकात हे जलसे बहराला आले. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यांतले अग्रणी. तमाशाचा साचा जलसाकारांनी घेतला, पण त्यातला आशय बदलला. गणातील देवतास्तवनाची जागा हळूहळू बाबासाहेबांच्या वंदनेने घेतली, गौळणीतला शृंगार मागे पडला, आणि बतावणी व वग यांत शिक्षण, मंदिरप्रवेश, सावकारी हे विषय आले. जलसा हा पोटाचा धंदा नव्हता. दिवसा कामधंदा आणि रात्री डफ-ढोलकी असा हा संसार होता. त्यामुळे दौरा हा कलेच्या प्रसिद्धीसाठी नव्हे, चळवळीच्या प्रसारासाठी असे. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारख्याच मोलाचे, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगितले जाते.

मुंबईत या गाण्याला श्रोता मिळाला तो कामगारवस्तीत. वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात मुंबई विकास विभागाने उभारल्या. एकट्या वरळीत १२१ इमारती, प्रत्येक तळमजला अधिक तीन मजल्यांची, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्याशा खोलीत माणसे जेमतेम मावत. गाणे मावणार कुठे? ते आपसूकच दोन इमारतींमधल्या पटांगणात आले. अशा जागी श्रोता तिकीट काढून आलेला नसतो, तो आपल्या उंबऱ्यातच असतो. त्याची दाद, त्याची शंका, त्याचा विरोध प्रयोगात शिरतो. बतावणीतील सवाल-जबाब अशा श्रोत्याला गृहीत धरूनच रचलेले आहेत.

आता तबकडीचा प्रश्न. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रात्रभर रंगणारा वग तीत बसणे शक्यच नव्हते. बसणार ते सुटे गाणे. पुढे कॅसेटचा काळ आला आणि वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांचे आवाज घरोघर पोहोचले. हा लाभ मोठाच होता. परंतु निवड माध्यमाने केली होती. जलशातली वंदना टिकली. वाद घालणारी बतावणी मागे राहिली. आज भीमगीतांवर ‘नुसती स्तुती’ असा शिक्का मारणारा समीक्षक, आमच्या मते, एका पूर्ण नाट्यरूपाचा उरलेला तुकडा हाती घेऊन संपूर्णाचा निवाडा करीत असतो.

हरवलेला भाग शोधायचा तर छापील पुस्तकाकडेच वळावे लागते. कर्डकांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ध्वनिफीत जे सांभाळू शकली नाही त्याचा आराखडा त्यात आहे. विद्यार्थ्यांनी ते संहिता म्हणून वाचताना प्रत्येक सवालानंतर थोडे थांबावे. तिथे श्रोत्याच्या प्रतिसादाची जागा आहे, असे आम्हाला वाटते.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतील पुनर्विकसित उंच इमारतींत पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या अडचणीतून सुटलेल्या माणसांपुढे जुन्या चाळीचे उसासे टाकणे अप्रस्तुत होईल. घर मोठे झाले हे चांगलेच झाले. प्रश्न समीक्षेपुढचा आहे. ज्या पटांगणाने या वाङ्मयाला त्याचा घाट दिला ते यापुढे डोळ्यांसमोर नसेल. त्याची आठवण ठेवून संहिता वाचणे हे काम यापुढे आपले, म्हणजे शिकणाऱ्यांचे आणि शिकवणाऱ्यांचे आहे.