काठी आणि बंदूक

मागच्या महिन्याच्या बैठकीत मी विचारलं, "मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा कोणकोण पोलीस गेले?" करकरे, कामटे, साळसकर ही नावं बायांनी पटापट सांगितली. चौथं नाव एका आजींनी घेतलं. "अगं, तो आपल्या साताऱ्याकडचा. काठीवाला." आज त्या काठीवाल्याबद्दल बोलायचं आहे.

तुकाराम गोपाळ ओंबळे. गाव केडंबे, तालुका जावळी, जिल्हा सातारा. डोंगरातलं गाव, घरटी माणूस मुंबईला किंवा फौजेत. तुकारामही आधी सैन्यात होते. तिथून निवृत्त होऊन 1991 साली ते मुंबई पोलिसांत भरती झाले. 2008 साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. वय पन्नाशीच्या पुढचं.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र. समुद्रमार्गे दहा अतिरेकी मुंबईत उतरले. त्यातल्या दोघांनी सीएसटी स्टेशनवर गावाला निघालेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तिथून ते बायका-मुलांच्या कामा रुग्णालयात शिरले. तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायांना एका लहान खोलीत नेऊन लपवलं आणि वाचवलं. बाहेर पडल्यावर त्या दोघांनी रस्त्यात करकरे, कामटे, साळसकर आणि त्यांच्या सोबतच्या पोलिसांवर गोळ्या झाडल्या. मग एक मोटार पळवून ते गिरगाव चौपाटीकडे निघाले.

चौपाटीवर पोलिसांनी नाकाबंदी केली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. मोटार अडली, गोळीबार झाला, दोघांतला एक तिथेच पडला. दुसरा म्हणजे अजमल कसाब. त्याच्याकडे एके-47 होती आणि ओंबळ्यांच्या हातात काठी. ओंबळ्यांनी पुढे होऊन त्या बंदुकीची नळीच धरली. गोळ्या पोटात घुसल्या, तरी पकड सुटली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला दाबून धरलं. ओंबळे गेले.

त्या पकडीनं काय झालं, ते समजून घ्या. त्या हल्ल्यात 166 माणसं गेली. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत हाती लागला तो हा एकच. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला, कुणी शिकवून पाठवलं, हे त्याच्या तोंडून बाहेर आलं. रीतसर खटला चालला. कुलथे सिस्टरांनीही कोर्टात जाऊन त्याला ओळखलं. 2012 साली येरवड्यात त्याला फाशी झाली.

26 जानेवारी 2009 ला ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. ते घ्यायला त्यांची पत्नी उभी होती. शूराच्या गोष्टीत घरची बाई शेवटीच येते, तीही पदक घ्यायला. नवरा ड्युटीवर असताना रात्ररात्र दाराकडे डोळे लावून बसणं कुणी मोजत नाही. आपल्या गटांतही पोलिसांच्या, जवानांच्या बायका आहेत. त्यांना विचारा.

आता मनातलं बोलते. पोलीस म्हटलं की आपल्याला आधी धाकच वाटतो. गटातल्या एका बाईला नवऱ्यानं मारलं, तेव्हा मी तिच्याबरोबर एका चौकीत गेले होते. तक्रार लिहून घ्यायच्या आधी आम्हाला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. ते मी विसरलेले नाही. पण म्हणूनच मला ओंबळे आठवतात. वर्दी कशासाठी असते, हे त्या रात्री त्यांनी दाखवून दिलं. पुढच्या वेळी बाकावर बसवलं, तर त्या वर्दीला हे नाव सांगायचं, असं मी ठरवलं आहे.

येत्या 26 नोव्हेंबरला बैठकीत एक दिवा लावा. आपल्या गावातून पोलिसांत आणि फौजेत गेलेल्यांची नावं गटाच्या वहीत लिहा आणि शेजारी त्यांच्या आईचं, बायकोचंही नाव लिहा. ती वही पोरींना वाचायला द्या.

भेटूया पुढच्या आठवड्यात. नमस्कार.