ईर्ष्या आणि पाहुणचार : कोल्हापूरच्या पेठा, तालमी आणि फुटबॉल

क्रीडासंस्थांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा विजेत्यांच्या याद्या आणि आश्रयदात्यांची नावे नोंदवली जातात. संघाला प्रतिस्पर्धी कसा लाभतो, आणि वर्षानुवर्षे तोच प्रतिस्पर्धी समोर उभा राहिला म्हणजे एका वस्तीचे स्वतःविषयीचे भान कसे घडते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत निबंधात कोल्हापूरच्या स्थानिक फुटबॉलच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. हा फुटबॉल राष्ट्रीय पातळीवरील व्यावसायिक लीगच्या बाहेरचा आहे. तरीही शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ यांचा सामना असला, की राजर्षी शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते भरून वाहतात. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ या दोन वस्त्यांचा तो सामना असतो.

या इतिहासाचा आरंभ चेंडूपासून होत नाही, तो लाल मातीपासून होतो. 'तालीम' हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ शिक्षण असा आहे. मराठीत तो व्यायामशाळेला लागला, तसा नाटकाच्या सरावालाही लागला. शिकवणारा 'वस्ताद' हा फारसी 'उस्ताद'चाच मराठी अवतार होय. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला उदार राजाश्रय मिळाला आणि १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. १९०२ च्या युरोप प्रवासात महाराजांनी पाहिलेल्या रोममधील प्राचीन क्रीडागाराची प्रेरणा त्यामागे होती, असे सांगितले जाते. या मैदानाला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, बांधले गेले. कुस्तीचा आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक एकाच आवारात घडला, हे कोल्हापूरच्या रसिकतेविषयी बरेच काही सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा झालेला शोक केवळ नाट्यरसिकांपुरता मर्यादित नव्हता.

तालीम ही केवळ कुस्तीची जागा कधीच नव्हती. गणेशोत्सव, शिवजयंती, मोहरमचे पंजे, अडल्यानडल्याची मदत, भांडणांचा निवाडा अशी पेठेची सारी सार्वजनिक कामे तालमीभोवती फिरत. संस्थानकाळाच्या उत्तरार्धात, विशेषतः छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात (१९२२–१९४०), फुटबॉलला दरबारचे प्रोत्साहन मिळाले, आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. या नव्या खेळासाठी शहराने वेगळी संस्था उभारली नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या तालमींनीच आपापले संघ उतरवले. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, पाटाकडील ही नावे उच्चारली, की पटांगण, दैवत, पाण्याचा पाट अशा जुन्या खुणा जाग्या होतात. पुढे तालमीतला हौदा ओस पडत गेला, तरी नाव तेच राहिले. पायांत बूट घालून धावणारा मुलगाही 'तालमीचा पोरगा' म्हणूनच ओळखला जातो.

तुलनेसाठी म्हैसूरकडे पाहणे उद्बोधक ठरते. चौथे कृष्णराज वाडियार शाहू महाराजांचे समकालीन होते. दोघांच्याही राज्यांत मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्याचे प्रयत्न झाले, आणि दोघांच्याही राजधान्यांत मल्लविद्येला प्रतिष्ठा होती. म्हैसूरची 'गरडी मने' म्हणजे आपल्याकडची तालीमच. दसऱ्यातील कुस्त्या आणि राजवाड्यातील जेट्टींची वज्रमुष्टी झुंज यांच्याशी तिचे नाते आजही टिकून आहे. मात्र तेथे फुटबॉल गरडीत शिरला नाही. म्हैसूर संस्थानाचा, आणि पुढे म्हैसूर राज्याचा, फुटबॉल प्रामुख्याने बंगळूरच्या छावणीच्या आसपासच्या वस्त्यांत वाढला. म्हैसूरच्या संघाने १९४६-४७, १९५२-५३, १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी चार वेळा संतोष करंडक स्पर्धा जिंकली, ती या बळावर. म्हणजे एका राज्यात कुस्ती एका नगरीत राहिली आणि फुटबॉल दुसरीत बहरला. कोल्हापुरात मात्र दोन्ही खेळ एकाच उंबऱ्याच्या आत नांदले. म्हैसूरची गरडी उत्सवाशी निष्ठ राहिली, तर कोल्हापूरच्या तालमीने उत्सव सांभाळून खेळ बदलला. यांतील एक वाट श्रेष्ठ असे म्हणण्याचे कारण नाही. पण पेठांमधील जुनी चुरस फुटबॉलमध्ये अखंड कशी उतरली, याचे उत्तर या भेदात सापडते.

या चुरशीला कोल्हापुरी बोलीत 'ईर्ष्या' म्हणतात. संस्कृतात हा शब्द मत्सराकडे झुकतो. मराठीत, आणि कोल्हापुरात विशेषच, 'ईर्ष्येने खेळला' ही प्रशंसा असते. ग्रीक कवी हेसिअड याने आपल्या शेतीविषयक काव्यात कलहाच्या दोन देवता कल्पिल्या आहेत. एक युद्ध पेटवते, तर दुसरी शेजाऱ्याची समृद्धी दाखवून आळशालाही कामाला लावते. कोल्हापूरच्या बोलीने या दुसऱ्या देवतेला नाव दिले आहे. अडचण अशी, की दोघींमधील सीमा प्रेक्षागृहात फार पातळ होते. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे येथील सामने वेळोवेळी थांबवावे लागले आहेत. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात झालेल्या गोंधळात १६ प्रेक्षकांचा बळी गेला. ते उदाहरण येथे विसरता येत नाही.

तथापि कोलकात्याचे द्वंद्व आणि कोल्हापूरचे द्वंद्व यांत एक मूलभूत अंतर आहे. तेथे पश्चिम बंगालचा मूळ रहिवासी आणि पूर्वेकडून आलेला निर्वासित असा भेद संघांना चिकटला. येथे दोन्ही बाजूंची भाषा, अन्न, देव आणि राजा एकच आहेत. दृष्टांत द्यायचा तर तो इटलीतील सिएना नगरीचा द्यावा लागेल. तेथील १७ मोहल्ले दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीसाठी वर्षभर परस्परांशी चुरस राखतात. भेद जितका थोडा, तितकी तो राखण्याची धडपड मोठी, असे दोन्हीकडे दिसते.

आता यजमानपदाचा प्रश्न. युरोपीय रीतीत प्रत्येक संघाला स्वतःचे मैदान असते आणि प्रतिस्पर्धी तेथे पाहुणा म्हणून येतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियम सर्वांचे आहे. स्वगृह आणि परगृह हा भेदच नाही. येथील यजमानपद वेगळ्या रीतीने येते. लीगनंतर तालमी स्वतः चषक स्पर्धा भरवतात, मैदानाची, पंचांची आणि बक्षिसांची व्यवस्था पाहतात, आणि जुन्या प्रतिस्पर्ध्याला निमंत्रण देतात. ज्याला हरवायचे त्याच्यासाठीच मांडव घालायचा, असा हा व्यवहार आहे. तो आला नाही, तर स्पर्धेला रंग नाही. त्याने चषक नेला, तर तो आपल्याच हाताने द्यावा लागतो. कोल्हापूरकर अनोळखी माणसालाही 'पाव्हणं' म्हणून हाक मारतात, आणि सोयऱ्यालाही तोच शब्द वापरतात. या दोन पेठांमध्ये सोयरिकी आहेत, एका घरात दोन झेंडे आहेत. मैदानातील प्रतिस्पर्धी पुष्कळदा खरोखरीच पाहुणा असतो.

ही रचना आज दोन बाजूंनी ताणली जात आहे. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, तसे बाहेरगावचे आणि आफ्रिकी देशांतील खेळाडूही संघांत आले. त्यांनी खेळाची पातळी उंचावली, हे मान्य केले पाहिजे. पण 'तालमीचा पोरगा' ही संज्ञा त्यामुळे सैल झाली. दुसरीकडे, तालीम ही मूळची पुरुषांची जागा असल्याने मुलींचा फुटबॉल शाळा आणि प्रशिक्षण केंद्रांच्या वाटेने वाढतो आहे. पेठेची ईर्ष्या त्यांच्या वाट्याला आलेली नाही, आणि तिच्याबरोबर येणारा पाठिंबाही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा दोन्ही पेठांनी तो आपला मानला. पेठेपलीकडचा असा अभिमान शक्य आहे, याचा हा पुरावा होय.

तालमीने एकदा हौद्यातील माती सोडून हिरवळ स्वीकारली, आणि आपले नाव गमावले नाही. बाहेरचा खेळाडू आणि घरातली मुलगी यांनाही ती आपल्या नावात जागा देऊ शकेल काय, यावर तिचे पुढील शतक अवलंबून आहे. जी संस्था दर हंगामात आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यासाठी मांडव घालते, तिला पाहुणचार नव्याने शिकवावा लागू नये.