चेंडू आणि चहाचा पेला

वाशीमच्या एखाद्या मोकळ्या माळावर सायंकाळीं मुलें क्रिकेट खेळूं लागलीं, म्हणजे चेंडू कधीं याच्या हातीं तर कधीं त्याच्या हातीं जातो. तो कोणीं उचलला, कोणीं फेकला, कोणीं अंगावरच्या कपड्यास घासून चकचकीत केला, याचा हिशेब ठेवण्यास खेळांत कोणालाच सवड नसते. परंतु सव्वाशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं पुण्याच्या हिंदु क्लबांत याच गोष्टीवरून मोठी खडाजंगी झाली. ज्याच्या हातचें पाणी चालत नाहीं, त्याच्या हातचा चेंडू चालतो काय? हा प्रश्न ज्या घरामुळें निघाला, तें घर पालवणकरांचें.

हें कुटुंब मूळ कोंकणांतील पालवणचें, जातीनें चांभार. थोरला मुलगा बाळू याचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. पुढें वडिलांची नोकरी पुण्याजवळ खडकीस लष्कराच्या आश्रयानें लागली, आणि तेथेंच बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांच्या हातीं प्रथम बॅट आली. ती गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेली होती. ज्यांना गांवच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्या मुलांना छावणीच्या मैदानानें जागा दिली, हें खरें; पण त्यांत औदार्यापेक्षां योगायोगाचाच भाग अधिक होता. साहेबांना चेंडू वेंचून आणणारा मुलगा हवा होता, त्याची जात पाहण्याचें त्यांस कारण नव्हतें.

बाळूची पहिली नोकरी पुण्यांतील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबांत होती. खेळपट्टी झाडावयाची, तिच्यावर रूळ फिरवावयाचा आणि पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबांत गेला. तेथें एक रुपया अधिक मिळूं लागला, आणि जाळें बांधणें, पट्टीवर रेषा आंखणें हीं कामें वाढलीं. हीं कामें आटोपलीं कीं सभासदांच्या सरावासाठीं तो चेंडू टाकी. ग्रेग नांवाचा लष्करी अधिकारी त्या काळीं हिंदुस्थानांतील नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या आधीं येऊन बाळूकडून तास-तास गोलंदाजी करवून घेई, आणि आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देई, अशी कथा सांगतात. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा नसो, ग्रेगची फलंदाजी व बाळूची गोलंदाजी एकाच जाळींत तयार झाली, यांत संशय नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इतकीं वर्षें गोलंदाजी करूनही पूना क्लबांत बाळूच्या हातीं बॅट कोणीं दिली नाहीं. फलंदाजी ही मालकांची, गोलंदाजी ही नोकरांची, अशी ती वांटणी होती.

पुण्याच्या हिंदु क्लबास युरोपियनांशीं सामने खेळावयाचे होते, आणि त्यांना हरवूं शकेल असा गोलंदाज त्यांच्याच मैदानावर रूळ फिरवीत होता. सभासदांत दोन तट पडले. कांहीं तेलुगु सभासद त्याला घ्यावें म्हणत होते; पुणेकर ब्राह्मण सभासदांस तें रुचेना. अखेर तोड निघाली ती मोठी विलक्षण. मैदानावर चेंडू सर्वांनीं एकच हाताळावयाचा. पण चहाच्या वेळीं इतर खेळाडू आंत कपबशींतून चहा घेणार, आणि बाळूस तो मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत मिळणार. जेवणाचें पानही निराळें. सकाळीं ज्याच्या चेंडूवर झेल घेऊन त्याची पाठ थोपटावयाची, त्यालाच दुपारीं दाराबाहेर बसवावयाचें, यांतील विसंगति त्या सुशिक्षित मंडळींना दिसली नसेल असें म्हणवत नाहीं. दिसूनही ती निभावून नेतां येते, एवढेंच त्यांनीं ठरविलें होतें.

ही विसंगति उघड्यावर आणली ती विजयानें. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पुण्याच्या हिंदूंनीं सामना जिंकला. बाळूनें ७ बळी घेतले. त्यानंतरच्या समारंभांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं त्याचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळतां, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत कसली, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. पुढें लोकमान्य टिळकांनींही बाळूचा सन्मान केल्याचें सांगतात.

१८९६ सालीं प्लेगाच्या सांथीच्या काळांत बाळू मुंबईस आले. पुढें बी. बी. सी. आय. रेल्वेंत त्यांस नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्याच्या संघांत त्यांचा प्रवेश झाला. येथेंही प्रथम कुरकूर झालीच. परंतु एकदां बाळू आंत गेले, आणि मागोमाग शिवराम, विठ्ठल व गणपत हे तिघेही भाऊ त्याच वाटेनें आले. १९०६ सालीं मुंबईच्या मैदानावर हिंदूंचा युरोपियनांशीं मोठा सामना झाला. हिंदूंच्या २४२ व १६० धावा, युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदु १०९ धावांनीं जिंकले. बाळूंनीं दोन डावांत मिळून ८ बळी घेतले. त्या संघांत शिवरामही होते.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यांत हे दोघे भाऊ होते. संघाची कामगिरी बेताचीच झाली, पण बाळूंनीं दौऱ्यांत एकूण ११४ बळी मिळविले. परत आल्यावर मुंबईंतील अस्पृश्य समाजानें त्यांचा सत्कार केला, आणि त्याच्या मानपत्राशीं त्या वेळीं कॉलेजांत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांचा संबंध होता असें मानलें जातें.

चहाचा पेला बदलला, पण कप्तानपद हें त्याहून अवघड ठरलें. गोलंदाजाचा चेंडू घेणें निराळें आणि त्याची आज्ञा मानणें निराळें. १९१३ सालीं कप्तान झालेल्या एम्. डी. पै यांनीं तर आपल्या सत्काराच्याच प्रसंगीं हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंचा होता, असें बोलून दाखविलें. त्यांची ही सरळता विसरतां येण्याजोगी नाहीं. तरीही निवड करणाऱ्यांचें मन वळलें नाहीं. १९२० सालीं बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें, कप्तानपदाच्या निवडींत धाकट्या भावांनाही डावलण्यांत आलें, आणि शिवराम व विठ्ठल यांनीं खेळण्यास नकार दिला. त्यांनीं आपला नकार गुपचूप ठेवला नाहीं, वृत्तपत्रांतून जाहीर केला. असहकारितेचे ते दिवस होते. अस्पृश्यतेची चर्चा गांधींच्या तोंडून देशभर चालू होती. जिमखान्याच्या चालकांना लोकमताकडे कानाडोळा करणें कठीण झालें. पारशांशीं झालेल्या अंतिम सामन्यांत भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले, आणि पै कांहीं काळ मैदान सोडून गेल्यानें संघ चालविण्याची संधि त्यांना मिळाली. कप्तान म्हणून त्यांचें नांव मात्र कधीं छापलें गेलें नाहीं.

तें नांव विठ्ठल यांचें छापलें गेलें. १९२३ सालीं ते हिंदु संघाचे कप्तान झाले, आणि युरोपियनांवर मिळालेल्या विजयानंतर सवर्ण हिंदु प्रेक्षकांनीं त्यांना खांद्यावर उचलून मिरविलें. नागपूरचे सी. के. नायडूही त्या काळांत याच संघांतून खेळत. विठ्ठल यांनीं आपल्या आठवणी ‘माझें क्रीडा-जीवन’ या पुस्तकांत लिहून ठेविल्या आहेत. तें १९४८ सालीं निघालें.

बाळूंचा पुढचा काळ राजकारणांत गेला, आणि येथें कथा थोडी अवघड होते. १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसनें मुंबईंत त्यांना उभें केलें, तें डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. एकेकाळच्या मानपत्राचीं दोन्ही टोकें अशीं समोरासमोर आलीं. आंबेडकरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. जिमखान्याच्या दारांतून हळूहळू आंत गेलेल्या माणसास हिंदु समाजांत राहूनच सुधारणा होईल असें वाटावें, आणि ज्यानें दार मुळींच उघडेना असें पाहिलें त्यास दुसरी वाट शोधावीशी वाटावी, यांत आश्चर्य नाहीं.

१९५५ च्या जुलैंत बाळू मुंबईंत वारले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनीं १७९ बळी घेतले होते, सरासरी १५.२१.